रुईचं चाक

मोतीलालची गादी काही केल्या मोटारीत मावेना. आडवी घातली तर दार लागेना, उभी केली तर मोतीलाललाच बसायला जागा उरेना. शेवटी उखर्डूकाकानं ती गुंडाळली, गुडघ्याखाली दाबली आणि सुंभानं अशी आवळली की अर्धी झाली. कापसाच्या जिनात बावीस वर्षं रुईच्या गठाणी आवळलेला हात तो.

"मोतीलालशेठ, रेस पाहाले चालले का बाळंतपणाले?" मी विचारलं.

"हस बेटा नंदू, हस. रात्री जमिनीवर पडशील ना, तेव्हा माझ्याकडे येऊ नको."

शनिवारी सकाळी सातला बुऱ्हाणपूरच्या लालबागेत, लीलाधरदादाच्या जिनासमोर हा तमाशा चालू होता. लीलाधरदादा माझा मावसभाऊ. जिन त्याच्या बापाचं, पण त्याचा जीव मोटारीत. महूच्या छावणीतला एक साहेब विलायतेला परत गेला, त्याची दोन माणसांची हिरवी रेसची गाडी दादानं घेतली. आम्ही तिला राघू म्हणायचो. मोतीलाल राजघाटाकडचा कापडवाला. त्याला गाडी हाकता यायची नाही, त्यासाठी ड्रायव्हर ठेवलेला, पण विलायती मोटारींची चित्रं बघून कोणत्या गाडीला किती घोड्यांचं बळ ते तोंडपाठ. मी सतरा वर्षांचा. मास्तरनं कान पिळला म्हणून मी दौत फेकून मारली, तेव्हापासून शाळा बंद आणि राघू चालू. उखर्डूकाका जिनातला फिटर. इंजिन खोकलं तर तो लांबून सांगायचा कुठं दुखतंय.

महूच्या पुढे एका संस्थानात राजेसाहेब दर जानेवारीत रेस लावायचे. तळ्याभोवती पाच मैलांचा कच्चा रस्ता. सूर्य निघाला की सुटायचं, सूर्य बुडाला की तोफ. तोवर ज्याच्या फेऱ्या जास्त तो जिंकला. मोठ्या इंजिनांचा प्याला वेगळा, लहान इंजिनांचा वेगळा. मागच्या वर्षी आम्ही लहानांत होतो आणि दुपारीच राघू बसला. तेव्हा एका जहागीरदाराच्या पोरानं त्याच्या लाल गाडीतून उतरून आमच्यासाठी बैलजोडी पाठवली होती. बैलांच्या शिंगांना झेंडू बांधून. सगळं मैदान हसलं. त्यानंतर वर्षभर जिनात बैलगाडी आली की दादा तोंड फिरवायचा.

राघूत दादा आणि मी. मागून मोतीलालच्या जुन्या मोटारीत तो, त्याचा ड्रायव्हर, उखर्डूकाका, तेलाचे डबे, ट्यूबा, भरीत-भाकरी आणि गादी.

असीरगडाखाली राघूला पाणी पाजायला थांबलो. मोतीलालनं खाता खाता विचारलं, हे असलं नाव तुझं कुणी ठेवलं रे. काका लाजला नाही. त्याच्या आधीची पाच लेकरं गेली होती. तो झाला तेव्हा आईनं, मनकर्णाबाईनं, शाहपुरात घरामागच्या उकिरड्यावर त्याला लोळवलं, तिथंच टाकून आली. मग शेजारणीनं उचललं आणि आईनं ओंजळभर ज्वारी देऊन तिच्याकडून परत घेतलं. आमच्याकडे करतात तसं. नाव ठेवलं उखर्डू.

"मरणाले वाटलं, कचरा हाय. सोडून देलं," काका म्हणाला आणि भाकरीचा तुकडा मोडला. "आई मरताना बोलली, काही होऊ दे, नाव नको बदलू. त्यानं वाचला तू."

मोतीलालचं खाणं थांबलं. मग त्यानं आपल्या पानातलं भरीत काकाच्या भाकरीवर वाढलं.

संध्याकाळी मैदानात पोचलो. तंबू, झेंडे, मोठमोठ्या गाड्या, टोप्या घातलेल्या मडमा. मुन्शीच्या टेबलावर फॉर्म भरायचा होता. दोन हाकणारे, एक फिटर. दादानं आमची नावं लिहिली आणि तिसऱ्या रेघेवर थांबला. मी खांद्यावरून बघत होतो. त्यानं इंग्रजीत लिहिलं, यू. के. राव.

"हे कोण?" मी विचारलं.

"उद्या भोंग्यातून नावं वाचतील," दादा हळूच म्हणाला. "राजे, साहेब, मडमा. तिथं उखर्डू वाचलं तर पुन्हा हसतील. मागच्या सालचं कमी झालं का?"

मला ते हुशारीचं वाटलं. खोटं कशाला बोलू, मलाही त्या नावाची लाजच वाटली. काका दहा हातांवर राघूचे नट आवळत होता. त्याला वाचता येत नव्हतं आणि आम्ही सांगितलं नाही.

रविवारी सूर्याची कोर दिसली आणि चौदा गाड्या सुटल्या. थंडी अशी की दादाची बोटं स्टीअरिंगला चिकटत होती. सकाळभर दादानं हाकली, मी शेजारी. दुपारी आम्ही अदलाबदल केली. दर दहा फेऱ्यांनी आत यायचं, काका पाणी, तेल, पेट्रोल बघायचा, चाकांवर हात फिरवायचा आणि मान हलवायचा. तेवढी मान हलली की निघायचं. मोठ्या गाड्या धूळ उडवत जायच्या आणि थोड्या वेळानं कडेला वाफा सोडत उभ्या दिसायच्या. दुपारपर्यंत सात उरल्या. लहानांत आम्ही आणि ती लाल. आम्ही पाच फेऱ्यांनी पुढे.

पण रस्ता उखडला. खडी वर आली. टायर एकामागून एक फाटायला लागले. शेवटची ट्यूब चारला चढवली. सूर्य बुडायला तासभर असताना मागचं डावं चाक फुटलं. मी शिव्या देत, रिमवर खडखडत गाडी आत आणली.

"ट्यूब?" दादानं विचारलं.

"नाही," काका म्हणाला.

मोतीलाल दोन तंबूंत ट्यूब मागून आला. ज्यांच्याकडे होत्या त्यांच्या मापाच्या नव्हत्या, आणि मापाच्या होत्या त्या जहागीरदाराच्या पोराकडे. त्यानं निरोप पाठवला की बैलजोडी तयार आहे. मी पाना उचलून तिकडे निघालो. दादानं मागून माझा शर्ट धरला.

काका हे काही ऐकत नव्हता. तो मोतीलालच्या मोटारीकडे बघत होता. तिथं जाऊन त्यानं गादी ओढून काढली, खिशातल्या चाकूनं शिवण फाडली आणि पांढरी रुई भसाभस बाहेर आली.

"अरे ये क्या कर रहा है," मोतीलाल बोलला. "लग्नातली हाय ती माझ्या."

"रुई आपल्याच जिनातली हाय शेठ. आता तिचं काम पडलं."

टायर रिमवरून अर्धा उतरवून काका आत रुई कोंबायला लागला. कोरडी नाही. आधी बादलीत बुडवायची, पिळायची, मग लाकडी मोगरीनं ठोकायची. रुईवर पाणी मारून दाबली की ती विटेसारखी बसते, हे जिनातल्या माणसाशिवाय कोणाला माहीत? आणि कोरडी असती तर घासून पेटली असती. मी बुडवत होतो, दादा पिळत होता, काका ठोकत होता. मोतीलाल थोडा वेळ डोक्याला हात लावून बसला, मग उठला आणि स्वतःच गादीतून रुई उपसून द्यायला लागला. बाजूच्या तंबूतले साहेब बघायला आले. लाल गाडी आमच्यासमोरून एकदा गेली, दोनदा गेली.

लोखंडी पट्टीनं शेवटचा काठ रेटून टायर रिमवर बसवला. काकानं चाकावर मूठ आपटली. दगड.

"फेरीभरात सुकून जाईन हे," तो म्हणाला. "पाणी टाकत राहावं लागते. कुठं किती, ते हातालेच कळते. मले बसू द्या नंदूभाऊच्या बाजूले."

दादा बाजूला झाला. पण गाडीत माणूस बदलला की मुन्शीला नाव सांगावं लागे. तो वही घेऊन हजरच होता.

"नाम?"

काका काही बोलायच्या आत मी बोललो, "राव. यू. के. राव. लिखा है, देखो. जल्दी करो."

मुन्शीनं माझ्याकडे पाहिलंच नाही. मागच्या वर्षी कोणीतरी भलताच माणूस बसवला होता म्हणून ज्याचं नाव त्यानंच सांगायचं, असा नियम होता. त्यानं पुन्हा काकाला विचारलं. काका माझ्याकडे बघायला लागला. काय चाललंय हे त्याला कळलं, आणि मला त्याच्या डोळ्यांत बघवेना. तरी मी कानात म्हटलं, "हो म्हणा काका. एक शब्द. सूर्य चालला."

काकानं बादली खाली ठेवली. ओले हात धोतराला पुसले.

"उखर्डू," तो म्हणाला. "उखर्डू तोताराम, शाहपूर."

मुन्शीनं वही मिटली. कागदावर नाव नाही, याचा गाडीला हात लागला, गाडी बाद. माझं डोकंच फिरलं. काकावर ओरडलो की एवढंसं नाव, त्यानं काय जीव जातो का. बोलून गेलो आणि मग असीरगडाखालचं आठवलं. काका वाकून चाकावर पाणी शिंपडायला लागला. 

तेव्हा दादा पुढे झाला. त्यानं डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर सरकवला आणि पंच म्हणून बसलेल्या पिकल्या मिशांच्या मेजरसाहेबासमोर जाऊन उभा राहिला. लीलाधरदादानं आयुष्यात कधी स्वतःची चूक कबूल केल्याचं मी पाहिलेलं नाही. जिनाचा पट्टा त्याच्या हातून तुटला तरी तो पट्ट्यालाच दोष द्यायचा.

"माणूस तोच आहे," तो हिंदीत म्हणाला, सगळ्यांना ऐकू येईल असं. "सकाळपासून ह्यानंच गाडी जिवंत ठेवली. नाव मी खोटं लिहिलं. मला त्याच्या नावाची लाज वाटली. आता माझी वाटते."

मेजरनं काकाकडे पाहिलं, त्याच्या दंडावर सकाळी बांधलेल्या फिटरच्या पट्टीकडे पाहिलं, रुईचे धागे चिकटलेल्या हातांकडे पाहिलं. सकाळपासून तो समोरच बसला होता. त्यानं मुन्शीकडून वही घेतली, जुनं नाव खोडलं, नवं लिहिलं आणि काकाचा अंगठा घेतला. मग थंडपणे सांगितलं, खोट्या नावाबद्दल एक फेरी कमी.

"मंजूर," दादा म्हणाला.

आम्ही सुटलो तेव्हा पाचातल्या दोनच फेऱ्या हातात होत्या. राघू डाव्या बाजूला लंगडत होता, पण चालत होता. काका मागं वळून, अर्धा गाडीबाहेर लटकून, डब्यानं चाकावर पाणी सोडत होता. मध्येच हात लावून बघायचा. "दामटा," म्हणायचा. मग "हळू." मग पुन्हा "दामटा." चाकातून वाफ निघायची, जळक्या कापडाचा वास यायचा, पाणी पडलं की वास दबायचा. माझ्या मनात सारखं होतं की काकाला काहीतरी म्हणावं, पण रस्ता सोडून तोंड उघडायची सोय नव्हती.

लाल गाडीनं आम्हाला एकदा मागं टाकलं. पोरानं जाताना टोपी उचलली. आमच्या दोनातली एक फेरी गेली. आता बरोबरीला यायला त्याला आम्हाला अजून एकदा गाठायचं होतं. समोर सूर्य टेकडीवर टेकला. मागं हॉर्न ऐकू आला.

"आला," मी म्हटलं.

"मागं तुमी नका पाहू. मी पाहून राहिलो ना," काका म्हणाला. "डबा रिकामा झाला. आता जेवढं हाय तेवढं पळवा."

मी पाय दाबला तो उचललाच नाही. चाक ढोलासारखं वाजत होतं. हॉर्न जवळ आला, इतका की त्याच्या इंजिनाची धग मानेला लागल्यासारखी वाटली. मी रस्ता अडवला नाही, उजवी बाजू धरूनच होतो. त्यानं डावीकडून काढली, त्याचं पुढचं चाक आमच्या मागच्या चाकाशी आलं, त्या रुईच्या चाकाशी, आणि तोफ झाली.

तेवढंच अंतर. गाडीच्या लांबीपेक्षा कमी.

मैदानात मोतीलाल उघड्या डोक्यानं नाचत होता. रिकाम्या गादीचं कापड त्यानं झेंड्यासारखं बांबूला बांधलं होतं. दादानं मला मिठी मारली नाही, काकाला मारली. मला मात्र त्या पोरानं येऊन हात दिला आणि म्हणाला, पुढच्या साली ट्यूब मागशील तर देईन. मी म्हटलं, नको, आमच्याकडे गाद्या पुष्कळ आहेत.

मग भोंगा वाजला. लहान इंजिनांचा प्याला, बुऱ्हाणपूर. लीलाधर, नंदकुमार. आणि भोंगेवाला तिसऱ्या नावाशी क्षणभर थांबला. माझ्या मुठी आवळल्या. कोण हसतं ते बघायलाच मी मान फिरवली होती.

"उखर्डू तोताराम."

कोणी हसलं नाही. साहेब टाळ्या वाजवत होते, राजेसाहेब उभे राहिले होते. दादानं प्याला घ्यायला काकाला पुढं ढकललं. काकानं प्याला घेऊन तसाच दादाच्या हातात दिला. पण राजेसाहेबांनी झेंडूचा हार गळ्यात घातला, तो त्यानं झोपेपर्यंत काढला नाही. तंबूत हार उशाला ठेवून तो निजला. मोतीलाल त्याच्या शेजारी, नुसत्या सतरंजीवर, घोरत होता.

सोमवारी परत आलो. हार पुन्हा काकाच्या गळ्यात. लालबागेत मोतीलाल उतरला, दादा उतरला. काकानं बावीस वर्षांत कोणाकडे काही मागितलेलं मला माहीत नाही. तो मला म्हणाला, "नंदूभाऊ, शाहपुरापर्यंत सोडता का मले? राघूत."

वाटेत मी म्हटलं, "काका, ते मी बोललो काल." तो म्हणाला, "चाक पाहा, खड्डा हाय समोर." एवढंच.

केळीच्या बागा संपल्या तिथं त्यानं थांबायला सांगितलं. त्याचं जुनं घर आता दुसऱ्याचं होतं, मागचा उकिरडा तेवढा तिथंच. राख, शेण, केळीची सुकी पानं, दोन कोंबड्या. काकानं वहाणा काढल्या. गळ्यातला हार काढून त्यानं उकिरड्याच्या वर मांडला, सगळीकडून सारखा केला.

घरातली बाई दारात आली. ती म्हणाली, "अहो, ताजी फुलं हायेत. टाकता काहाले?"

"टाकून नाही राहिलो बाई," काका म्हणाला. "ठेवून राहिलो."

कोंबड्या लांब सरकल्या. तो तिथंच उभा राहिला, हात जोडून नाही, नुसता. राघूचं इंजिन धडधडत होतं. मी ते बंद केलं.