काट्याशेजारचं छिद्र

लेकीनं ट्रेमधून हाड उचललं आणि उलटं धरलं. कपाटापाशी उभ्या असलेल्या बाईंनी मान पुढे काढली. हाडाचे खाली लोंबायला हवेत ते दोन पाय वर छताकडे झाले होते. बाईंचं मनगट आपोआप वळलं, जणू इथून वळवलं की तिथलं हाड सरळ होईल.

लेकीनं हाड सरळ केलं. बाईंनी श्वास सोडला.

शरीररचना विभागातली हाडं सांभाळायचं काम बाईंकडे बावीस वर्षं होतं. धुणं, वाळवणं, नंबर घालणं, तुटलेलं जोडणं. बावीस वर्षांत एकाही कवटीनं उलट उत्तर दिलं नाही असं त्या म्हणत, आणि त्याची भरपाई घरी लेक करते असंही. तीच लेक आता याच विभागात तोंडी परीक्षेला बसली होती. दोनदा नापास झालेली. अभ्यास कमी नव्हता, पण कुणी रोखून पाहिलं की तिचं सगळं अवसान गळायचं. ही शेवटची संधी होती. आज गेली तर कॉलेजातून नाव कटणार होतं.

विभागप्रमुखांनी सकाळीच बाईंना बजावलं होतं, "हाडं मांडायला दुसरं कुणी नाही म्हणून तुम्हाला आत ठेवतोय. तिच्या वेळी तोंडातून अक्षर निघालं, तर मला तिची परीक्षा रद्द करावी लागेल."

म्हणून बाई मूग गिळून उभ्या होत्या.

"कुठलं हाड?" बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांनी विचारलं. मऊ बोलणारे गृहस्थ. दर वर्षी तेच येत.

"स्फेनॉइड, सर. जतुकास्थी. कवटीच्या तळाशी, मधोमध असतं."

"पुढे."

लेक बोलू लागली. पंख पसरलेल्या वटवाघळासारखं ते हाड तिनं दोन्ही हातांत धरलं होतं. हे धाकटे पंख, हे थोरले. हा खोगिरासारखा खळगा, यात पिट्यूटरी ग्रंथी बसते. हे गोल छिद्र, हे लांबट. आवाज बारीक होता, पण चुकत नव्हती. बाईंनी मनातल्या मनात देवाला अर्धा नवस बोलून ठेवला.

"छान. आता फोरामेन स्पायनोसम. उजवीकडचं दाखव, डावा कोपरा तुटलाय."

सोपा प्रश्न होता. थोरल्या पंखाच्या मागच्या टोकाला काट्यासारखा उंचवटा असतो, त्याच्या शेजारी टाचणीच्या डोक्याएवढं छिद्र. मेंदूच्या आवरणाला रक्त नेणारी रोहिणी त्यातून आत शिरते. लेकीनं छिद्रं दाखवायची बारीक तार उचलली, काट्यापाशी नेली आणि थांबली. हाड वळवून खिडकीच्या उजेडात धरलं. परत तार लावली.

"काय झालं?"

"सर... नाहीये."

"काय नाहीये?"

"छिद्र. या हाडात नाहीये."

विभागप्रमुखांनी खुर्चीत अंग मागे टाकलं. गेल्या वेळीही ते असेच मागे रेलले होते. परीक्षक म्हणाले, "घाबरू नकोस. नीट बघ. प्रत्येक स्फेनॉइडला असतं."

"असतं, सर. पण तार जात नाहीये."

बाईंनी हाडावरचा नंबर पाहिला आणि ओळखला. हे त्यांच्याच हातून पडलेलं हाड. काटा मोडला होता. त्यांनी प्लास्टर कालवून तो बसवला, घासून गुळगुळीत केला, वर पिवळट रंगाचा हात दिला. जोड कुणाला ओळखू आला नाही याचा त्यांना केवढा अभिमान वाटला होता. काट्याला लागून छिद्र असतं, आणि कालवलेलं प्लास्टर जागा मिळेल तिकडे पसरतं, हे त्या वेळी त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

बोललं तर परीक्षा रद्द. नाही बोललं तर पोर नापास. परीक्षकांनी पेन उचललं होतं. लेकीनं आईकडे एकदाही पाहिलं नाही, आणि तेच बाईंना सहन झालं नाही.

"साहेब, ती खरं बोलतेय."

"बाई," विभागप्रमुख म्हणाले, "मी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं. पण चूक माझी आहे. काटा मी जोडलाय. छिद्र माझ्या प्लास्टरनं बुजलंय. तिला दुसरं हाड द्या, नाहीतर मला कामावरून काढा. तिला नापास करू नका."

परीक्षकांनी लेकीच्या हातून हाड घेतलं. चष्मा कपाळावर चढवला, तार लावून पाहिली, मग नखानं खरवडलं. नखात पांढरी भुकटी आली.

"केव्हा जोडलंत?"

"सात वर्षं झाली असतील."

त्यांनी नखातली भुकटी रुमालाला पुसली. मग लेकीला म्हणाले, "दिसत नव्हतं, तर अंदाजानं तार टेकवून मोकळी का नाही झालीस?"

"तार आत गेली नाही, सर," लेक म्हणाली. एवढंच तिला सुचलं.

त्यांनी कागदावर आकडा लिहिला. उलटे आकडे वाचायची बाईंना सवय होती. पास. बाईंनी कपाटाचं दार धरलं. रडायचं नाही असं ठरवलं होतं, तरी डोळे भरून आलेच.

विभागप्रमुख काही म्हणणार होते. परीक्षकांनी हातानंच त्यांना थांबवलं. "हिला जाऊ द्या. मुली, बाहेर या हाडाबद्दल कुणाशी बोलू नकोस."

"दुसरं हाड काढते," बाई म्हणाल्या.

"नको. हेच राहू द्या. पुढच्याला बोलवा."

पुढचा मुलगा वर्गात पहिला येणारा. बसला तोच आत्मविश्वासानं. परीक्षकांनी तेच हाड त्याच्या पुढ्यात ठेवलं. "फोरामेन स्पायनोसम. उजवीकडचं."

मुलानं तार उचलली आणि क्षणाचाही विलंब न लावता काट्याच्या मुळाशी टेकवली.

"हे, सर. यातून मेंदूच्या आवरणाची मधली रोहिणी जाते."

"नीट बघ."

"हेच, सर."

विभागप्रमुखांनी बाईंकडे पाहिलं. मुलाचा चेहरा हळूहळू उतरला.

"चुकलं का, सर?"

परीक्षकांनी पेन टेबलावर ठेवलं.

"सात वर्षं सगळे इथंच दाखवत आलेत," ते म्हणाले, "आणि मी दर वेळी बरोबर म्हणत आलोय."