कानबाईचा कौल

डॉक्टरांनी सुनंदाबाईंचा उजवा पाय गुडघ्यात दुमडून टेबलावर टेकवला, पोटरीमागे दोन्ही हात घातले आणि नडगी हळूच पुढे ओढली. टेबलाचा सैल खण यावा तशी ती पुढे आली. शेजारी उभ्या असलेल्या भिकुबाईला, म्हणजे त्यांच्या धाकट्या जावेला, ते बघवेना. तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड फिरवलं.

"पाच वर्षांपूर्वी मी काय सांगितलं होतं, आठवतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"आठवतं," सुनंदाबाई म्हणाल्या.

एकोणनव्वद सालची गोष्ट. रावेरजवळच्या त्यांच्या गावी केळीच्या बागेत पाणी भरताना पाय चिखलात रुतला. अंग वळलं, पाय वळला नाही. आतून काहीतरी तुटल्याचा आवाज झाला आणि गुडघा भोपळ्याएवढा सुजला. भाऊ धुळ्यातल्या देवपुरात राहतो म्हणून त्यांना तिथं आणलं होतं. तेव्हा याच डॉक्टरांनी सांगितलं होतं, लिगामेंट तुटलंय. आज हात लावला तर गुडघा आखडून बसेल. सूज उतरू द्या, व्यायाम करा, पाय पूर्ण वाकू लागला की ऑपरेशनला या. मात्र मग उशीर नको. दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं असं समजू नका. बेचाळीस म्हणजे म्हातारपण नव्हे. अजून वीस वर्षं शेतात राबायचंय तुम्हाला.

माणसाचं असं असतं, की डॉक्टरच्या दहा वाक्यांतलं सोयीचं तेवढं एकच तो घरी नेतो. सुनंदाबाईंचे मालक तोतारामभाऊ 'सूज उतरू द्या' एवढंच घेऊन आले. श्रावण लागेपर्यंत ती उतरलीही. सुनंदाबाई मांडी घालून भाकरी थापू लागल्या. तरीही ऑपरेशनचं ठरलेलं होतं. कानबाई देवीचा सण झाला की निघायचं.

कानबाई थोरल्या सुनेनं डोक्यावर घेऊन नदीवर बोळवायची, असा त्यांच्या भावकीचा रिवाज. यंदा भिकुबाईला घेऊ द्या, असं सगळे म्हणाले. सुनंदाबाई ऐकतात कुठल्या! रोटांचा नैवेद्य दाखवून झाल्यावर त्यांनी सगळ्यांदेखत देवीपुढे हात जोडले.

"तुले नदीवर मीच नेईन, माय. पाय टिकला त तुझा कौल समजीन. मग चाकू लावणार न्हाई."

नदीच्या उतारावर पाय टिकला नाही. ढोल घुमत होते, बाया फुगड्या घालत होत्या, आणि देवीचा पाट डोक्यावर घेतलेल्या सुनंदाबाईंचा गुडघा एकाएकी आत दुमडला. भिकुबाई त्यांच्या अगदी पाठीमागे होती. तिनं काखेत हात घालून त्यांना वर उचललं, पाय जमिनीला लागताच सोडलं. मग गर्दीनं तिला बाजूला लोटलं. डोक्यावरची देवी हललीसुद्धा नाही.

"कानबाईनं पाय देला व!" म्हणत सासूनं घरी आल्यावर सुनेची दृष्ट काढली. ऑपरेशन राहिलं ते राहिलंच.

भिकुबाई मूग गिळून बसली. देवी डोक्यावर असताना पाय दुमडला असं म्हटलं असतं, तर गावानं थोरल्या जावेच्या, अक्कांच्या, नावानं काय काय काढलं असतं! असं तिनं स्वतःला समजावलं, आणि ते खोटंही नव्हतं. पण पोटात आणखी एक गोष्ट होती. अक्का दवाखान्यात निजल्या असत्या तर कापूस वेचणीच्या हंगामात साऱ्या घराच्या भाकरी तिच्या एकटीच्या गळ्यात आल्या असत्या. हे तिनं कोणाला सांगितलं नाही आणि स्वतःलाही ती फारसं सांगत नसे. पुढं अक्का बांधावर पडल्या, मग ओट्यावर, मग न्हाणीघरात. दर वेळी तिचा जीव तिला खाई.

"त्या दुखापतीनंतर गुडघा पहिल्यांदा कधी निसटला?" डॉक्टरांनी विचारलं. "नीट आठवून सांगा. सांध्यातली गादी किती दिवस घासली गेली, ते बघायचंय."

"दोन वर्षं काहीच न्हाई," सुनंदाबाई ठामपणे म्हणाल्या. "त्याच्या पुढं सुरू झालं."

भिकुबाईला वाटलं, आता तरी बोलावं; निदान उपचाराला उपयोग होईल.

"न्हाई डॉक्टरसाहेब. पहिल्याच साली, कानबाईच्या दिवशी निसटला. उतारावर. म्या मागून धरलं म्हणून पडल्या न्हाईत."

सुनंदाबाईंनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

डॉक्टरांनी सुनंदाबाईंचा पाय सरळ करून ठेवला. मग हात धुवायला गेले. "तेव्हा आला असतात तर सांधा वाचला असता," ते पाठमोरेच म्हणाले. "आता गादी उरलेली नाही, हाडाला हाड घासतंय. लिगामेंट शिवून उपयोग नाही. गोळ्या देतो. काठी वापरा, उकिडवं बसू नका."

बैल गेला आणि झोपा केला, तशी भिकुबाईच्या खरेपणाची गत झाली.

स्टँडवर जळगावची गाडी लागायची होती. बाकावर दोघी शेजारी बसल्या. भिकुबाईनं पदरानं डोळे पुसले.

"चुकलं, अक्का. तव्हाच सांगायचं व्हतं."

सुनंदाबाईंनी गोळ्यांची पुडी पिशवीत सरकवली.

"पाय निसटला ते मले ठावं व्हतं, भिकू. माझाच पाय ना तो."

"मंग तुम्ही काहून..."

"कोणीतरी मले वर उचललं. मागं पाहता येत नव्हतं, डोक्यावर पाट. मले वाटलं, कानबाईनंच धरलं." त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला. "त्याच्यापुढं किती डाव पडले! दर डावाले मी मनात म्हने, एकदा धरलं तिनं, पुन्हा धरील."

गाडी लागली तशी माणसं दाराकडे धावली. सुनंदाबाई गर्दी ओसरेपर्यंत बसून राहिल्या. मग उठता उठता म्हणाल्या,

"घरी म्हातारीले हे सांगू नको. तिची तरी कानबाई ऱ्हाऊ दे."

दाराचा दांडा त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि डावा पाय पायरीवर टाकला. मागचा पाय थरथरला. भिकुबाईचे हात पुढे झाले, पण अक्कांच्या अंगाला लावायला ते धजले नाहीत.