इमानी वाचक

वेनिंगने खिडक्यांचे पडदे ओढले आणि प्रोजेक्टरचा चौकोन भिंतीवर नीट बसवला. बू निंगरुमनी केळीच्या पानात उकडलेल्या नागासारीची ताटली उचलून पाक मार्सुदींच्या पुढ्यात ठेवली. मालकिणीने स्वतःच्या हाताने खाऊ पुढे केला की जावा बेटावरच्या आमच्या सोलोतला शहाणा माणूस सावध होतो. पाक मार्सुदींना मात्र बरं वाटलं. आमच्याकडे मानाने पुरुषाला पाक म्हणतात आणि बाईला बू.

बाटिक कापडाच्या या पेढीत त्यांच्याकडे एकच काम उरलं होतं. पूर्वी ते दुकानात बसून गिऱ्हाइकाला प्रत्येक नक्षीची गोष्ट सांगत. कुठली लग्नात नेसायची, कुठली मयताच्या घरी, कुठली एके काळी राजवाड्याबाहेर चालतच नसे. दुकान बंद होऊन सगळी विक्री वेबसाइटवर गेली, तेव्हा त्याच गोष्टी ते तिथे लिहायला लागले. त्यांच्या पानांवर वर्दळ होती म्हणून त्यांची खुर्ची टिकून होती, आणि हे अख्ख्या कचेरीला ठाऊक होतं.

ती वर्दळ यापुढे कशाने मोजायची, ते आज ठरायचं होतं. जुनं टूल फुकटातलं. पान किती वेळा उघडलं तेवढा आकडा द्यायचं आणि गप्प बसायचं. नवं विकतचं. आलेल्या माणसाचं बोट पानावर कुठे फिरलं, कुठे थांबलं, याची चक्क फिल्म दाखवायचं. मालकिणीची भाची वेनिंग जाकार्ताहून हे सगळं शिकून आली होती. तिने दोन्ही टूल्स काही दिवस शेजारी शेजारी चालवून पाहिली होती.

"निवड तुम्हीच करायची, पाक," बू निंगरुम म्हणाल्या. "तुम्ही वडीलधारे. आम्ही तुमच्या मागून."

आमच्या गावात याचा अर्थ असा, की निर्णय झालेला आहे, फक्त तो तुमच्या तोंडून यायचा राहिलाय. इथे कुणी कुणाला सरळ नाही म्हणत नाही. केसाने गळा कापायची रीत इथे फार जुनी आहे, आणि कापून घेणाऱ्याने वर आभार मानायचे असतात.

वेनिंगने फिल्म सुरू केली. भिंतीवर पाक मार्सुदींचं पान उघडलं. बोटाच्या जागी एक लाल ठिपका होता. ठिपक्याने आधी अक्षरं ताणली, इतकी की एका ओळीत दोनच शब्द मावावेत. मग तो भराभर खाली सरकला, शेवटी लेखकाच्या नावापाशी थांबला, आणि पान मिटलं. लगेच तेच पान पुन्हा उघडलं. पुन्हा तेच. वेनिंग म्हणाली की जवळजवळ सगळी वर्दळ याच एका फोनची आहे, सोलोतलीच, रोज पहाटेच्या नमाजानंतरची. बाकीचे जे येतात, ते दुसऱ्या ओळीपर्यंतही टिकत नाहीत.

मागे हिशेबाच्या मुली बसल्या होत्या. त्यांनी तोंडावर हात धरले.

पाक मार्सुदी भिंतीकडे बघत राहिले. त्यांच्या बायकोच्या, मुर्तिनीच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. नातवाचा निरोप वाचतानाही ती अक्षरं अशीच ताणायची. शरमेने त्यांच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"किती इमानी वाचक हो," बू निंगरुम म्हणाल्या. "कोण असेल?"

"माहीत नाही, बू."

"गावातलंच दिसतंय कुणी. ओळखीतलं नाही ना?"

"नाही."

त्यांनी बायकोला असं दोनदा नाकारलं. बू निंगरुम मान हलवत चहा ढवळत होत्या. त्यांना घाई नव्हती.

"नवंच बरं वाटतं," पाक मार्सुदी शेवटी म्हणाले आणि हसले. मालकीण म्हणाली, बघा, अनुभवी नजर ती अनुभवी नजर. मग तिने त्यांना नवं काम दिलं. गोष्टी आता लिहायच्या नाहीत, डोळ्यांना किती त्रास. त्यांनी आरामात बसून रोज या फिल्म बघायच्या आणि खोटी वर्दळ बाहेर काढायची. पहिला मान आजच. वेनिंगने माउस त्यांच्या हाताखाली सरकवला आणि तो फोन बंद करायचं बटण दाखवलं. त्यांनी ते दाबलं. मुलींनी टाळ्या वाजवल्या. पाक मार्सुदींनी सगळ्यांचे आभार मानले.

घरी जाताना ते बायकोवर चिडत गेले. चार पोरींसमोर आपलं हसं केलं तिने. न सांगता, न विचारता.

मुर्तिनी दारातच फोन घेऊन उभी होती. सकाळची काही पानं राहिली होती, ती म्हणाली, आणि दुपारपासून उघडेचनात.

"कशाला करत होतीस हे?" त्यांनी विचारलं.

तिने चकित होऊन त्यांच्याकडे पाहिलं. "अहो, म्हणजे बूंनी सांगितलं नाही अजून तुम्हाला?"

मग तिने सांगितलं. ईदला रिवाजाप्रमाणे मालकिणीच्या घरी माफी मागायला गेले होते सगळे, तेव्हा बू निंगरुमनी तिला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन हात हातात धरला होता. जाकार्ताची मोठी मंडळी पेढीचा सौदा करायला येणार, साइटवर वर्दळ दिसायला हवी. पाकची पानं तर कुणी उघडत नाही, मग त्यांना ठेवायचं तरी कसं? घरातलंच कुणी रोज उघडत राहिलं तर बरं. फोनमध्ये पान त्यांनीच काढून दिलं, आणि पाकना सांगू नका म्हणाल्या, पुरुषमाणसाला लागतं.

जाकार्ताचा सौदा गेल्याच महिन्यात झाला होता. त्यानंतरच्या जेवणावळीत मालकिणीला बरकत मिळो म्हणून दुआ पाक मार्सुदींनीच मागितली होती. ते ओट्यावर बसले.

"तुम्ही सांगाल ना त्यांना?" मुर्तिनी म्हणाली. "फोनच चालेना म्हणावं. नाहीतर बूंना वाटायचं, मी शब्द मोडला."

"सांगतो," पाक मार्सुदी म्हणाले. "उद्या गेल्या गेल्या सांगतो."