शिंप्याच्या घरातली उत्तरेची भिंत

मी उत्तरेकडची जुनी भिंत आहे, मित्रांनो. आतून-बाहेरून दगड, पोटात खडी आणि चुना. जाडी दीड हात, आणि ती सांगायला मला मुळीच संकोच वाटत नाही. पावसाचं पाणी प्यायचं, ऊन पडलं की सोडून द्यायचं. चुलीची ऊब दिवसभर पोटात धरायची, रात्री घराला द्यायची. थोडी बाहेर जायचीच. तेवढी गळती कुठल्या भिंतीला चुकली आहे?

पुढे या घरात एक शिंपी राहायला आला. त्याच्या बायकोला दिवस भरायच्या आधीच मुलगी झाली. मूठभर जीव. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिला औषध एकच, ऊब." पाळणा माझ्याच कडेला टांगला. मला धन्य वाटलं.

शिंप्याने मला चाचपलं. "हिच्यातूनच ऊब जाते. हिला रेनकोटच चढवतो," म्हणाला, आणि बाहेरून सिमेंटचा जाड गिलावा करून घेतला. शेजारीपाजारी वाखाणून गेले. मीही जरा फुशारले.

पण सिमेंटला बारीक चिरा पडल्या. त्यातून पाणी आत शिरलं आणि परतीची वाट बंद. मी आतून ओलीचिंब झाले. ओली भिंत ऊब धरत नाही, भराभर बाहेर घालवते. मुलगी खोकू लागली. तिच्या उशाशी उभी राहून मी तिचीच ऊब ओढून घेत होते, आणि मला थांबता येत नव्हतं.

"आणखी एक थर देऊ या का?" शिंपी म्हणाला.

बायकोने माझ्या अंगाला लागून ओलावलेला दुपट्याचा कोपरा त्याच्यापुढे धरला. "रेनकोटाला काखेत भोकं कशाला ठेवता हो?"

"घामाची वाफ जायला."

"मग या भिंतीला का नाही ठेवलीत?"

"गिऱ्हाईक बोललं नाही," तो पुटपुटला.

"कधीची बोलतेय. लेक खोकतेय ना तुमची."

त्याच दिवशी पाळणा चुलीजवळच्या भिंतीकडे गेला. बरोबरच होतं ते, तरी मला रितं रितं वाटलं. शिंप्याने छिन्नी घेऊन सिमेंट उतरवलं. सारा उन्हाळा मी वाळत राहिले. मग अंगावर ओल बाहेर सोडणारा चुन्याचा गिलावा चढला.

थंडी आली तेव्हा मुलगी धरून धरून चालत होती. एकदा दमली आणि मला पाठ टेकून बसली. आई लगबगीने आली. आधी तिने माझ्यावर तळहात ठेवला, मग मुलीला तशीच बसू दिलं.

मित्रांनो, तुमच्या घरच्या जुन्या भिंतीवरही असाच हात ठेवून बघा. ओली लागली तर झाकू नका. वाळू द्या.