धुतलेली पिकअप

आमचे हे खिडक्यांना काचा बसवतात. घरात वाहन एकच, दोन ओळींच्या सीटची पिकअप. यंदा कराचा नियम बदलला. अशी पिकअप आता खाजगी मोटार धरणार आणि कर त्याप्रमाणे लावणार. ती कामाचीच आहे असं तपासणीत पटलं तरच जुनी सवलत राहणार. सवलत गेली तर पिकअप विकावी लागली असती, आणि काचा काही खांद्यावरून नेता येत नाहीत.

तपासणीच्या दिवशी सकाळचा जप आटोपून मी अंगणात आले आणि जागीच थबकले. पिकअप नवरीसारखी नटली होती. काचा उभ्या ठेवायची लोखंडी चौकट काढून भिंतीला टेकवलेली. चार वर्षं माळ्यावर पडलेली मागची सीट जागेवर बसवलेली, वर फुलाफुलांचं कव्हर. आत अत्तराचा घमघमाट.

"अहो, हे काय केलंत?"

"साहेब येणार. घाणेरडी गाडी दाखवायची का?" ह्यांच्या चेहऱ्यावर काय ते समाधान!

धाकटे दीर बाहेर आले आणि त्यांनी कपाळावर हात मारला. "दादा, आता साहेबांना म्हण, बसा, सहलीला जाऊ!"

ह्यांचा चेहरा खर्रकन उतरला. कुणी येणार म्हटलं की घासूनपुसून ठेवायचं, एवढंच त्यांना ठाऊक. चौकट परत चढवायला धावले, तोच फाटक वाजलं.

साहेब वयस्कर, मितभाषी. त्यांनी पिकअपभोवती फेरी मारली, कव्हरवरून हात फिरवला.

"छान ठेवलीय. घरची मंडळी बसतात?"

"छे हो, कध्धीच नाही!" हे म्हणाले.

साहेब माझ्याकडे वळले. "ताई, तुम्ही सांगा."

दीर मागून खाकरले. खोटं बोलायचं नाही हा माझा रोजचा नेम. मनात देवाचं नाव घेतलं.

"एकदा बसलो," मी म्हणाले. "सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. त्या पुढे, मी मागे हत्यारांच्या पेटीवर. एरवी आम्ही बसनंच जातो. ही सीट आज सकाळीच लावलीय, तुम्ही येणार म्हणून."

"माझ्यासाठी?"

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून हो."

साहेब खळखळून हसले. मग ह्यांना म्हणाले, "अडीअडचणीला एखाद्या वेळी वापरली तर नियमाला चालतं. 'कधीच नाही' म्हणालात ना, तिथेच मला शंका आली. ताईंनी ती खेप सांगितली, म्हणून बाकीचंही खरं मानतो. आता गाडी रोज असते तशी करा. फोटो काढायचेत."

दोघं भाऊ सीट उपसायला धावले. "वहिनी, मला वाटलं आज बुडालो!" दीर पुटपुटले.

"मलाही वाटलं, भाऊजी."

तीन आठवड्यांनी पत्र आलं. सवलत कायम. ह्यांनी ते तीनदा वाचलं आणि माझ्या हातात ठेवलं.

"तू होतीस म्हणून."

"त्यांनी ऐकून घेतलं म्हणून," मी म्हणाले.

पत्राखालची सही काही केल्या लागेना. त्यामुळे रोजच्या प्रार्थनेत मी नुसतं 'ते तपासणीचे साहेब' म्हणते, आणि त्यांच्या घरच्यांना सुखी ठेव म्हणते. देवाला पत्ता ठाऊक असेलच.