शेवटच्या अकरा शेंगा

बांधावर चपलांचा एकच जोड उरला होता, आणि तो माझ्या सुनेचा होता.

आम्ही चौदा जणी खाडीच्या चिखलात कांदळाच्या शेंगा लावतो. ओहोटीला उतरायचं, वीतभर लांबीची शेंग टोकाकडून चिखलात खोचायची, पुढे सरकायचं. या झाडांची मुळं वाढली की किनारा धरून ठेवतात, मासे त्यांच्यात अंडी घालतात, बगळे वर घरटी करतात. चिखलात चपला रुततात म्हणून त्या बांधावर काढायच्या आणि जुने जाड मोजे घालून उतरायचं. परत आल्यावर जिची ती घालते. कुणाचा जोड उरला तर कोण आत राहिलं ते न विचारता कळतं.

त्या सकाळी तेरा जणींनी चपला घातल्या. चौदावा जोड तसाच.

"लघवीला गेली असेल," कुणीतरी म्हणालं.

"चिखलात कुठं जाणार बाई लघवीला?" आमच्या गटाच्या प्रमुख मास्तरीणबाई म्हणाल्या. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली, तरी त्या बोलल्या की आम्ही ताठ उभ्या राहतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काकू, शिट्टी कधी वाजवलीत?"

माझा हात गळ्यातल्या शिट्टीकडे गेला.

शिट्टी माझ्याकडे असते. माझा आवाज इतका बारीक की मी मारलेली हाक मलाच ऐकू येते, असं सगळ्या हसून म्हणतात. म्हणूनच शिट्टी माझ्या गळ्यात अडकवली. पाण्यात एक खुणेची काठी रोवलेली असते. भरतीचं पाणी तिच्या तांबड्या पट्ट्याला लागलं की लगेच वाजवायची, एवढंच काम.

आणि माझा एक नेम आहे. रोज एकशेआठ नामं. चिखलात उतरायला लागल्यापासून मी प्रत्येक शेंगेला एक नाम घेते. हातही चालतो आणि नेमही होतो. त्या दिवशी सत्त्याण्णव झाली तेव्हा पाणी पट्ट्याला लागलेलं मी पाहिलं होतं. डोळ्यांनी नीट पाहिलं होतं. अकराच तर उरल्यात, म्हटलं, दोन मिनिटांत होतील. एक शेंग आडवी झाली, ती पुन्हा लावली. मग शिट्टी वाजवली.

हे मी कुणाला सांगितलं नाही. 

"वळणाच्या पलीकडे होती ती," एक जण म्हणाली. "तिकडे जागा मोकळी आहे म्हणाली."

वळणाच्या पलीकडे. तीन दिवसांपूर्वी तिथेच, होडीतून आमच्या शेंगा आणणाऱ्या नावाडीभाऊंना चिखलावर मगरीच्या पोटाची ओली, घसरत गेलेली खूण दिसली होती. गटाच्या बैठकीत त्यांनी ते सांगितलं तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. इतक्या वर्षांनी मगर आली, म्हणजे खाडी जिवंत झाली. घरी येताना सून म्हणाली होती, "आई, तिलाही एक नाम शिकवा, म्हणजे उपास धरेल." मी रागावल्याचं सोंग केलं होतं. 

नावाडीभाऊंनी होडी सोडली. मी विचारलंही नाही, सरळ चढले.

"वहिनी, तुम्ही बांधावर थांबा."

"नाही."

एवढंच बोलले. त्यांनी वल्हं मारायला घेतलं.

पाणी आवाज न करता येत होतं. भरतीचं हेच वाईट, लाट नाही, काही नाही, मघाशी दिसत होती ती शेंग आता दिसत नाही, बस. मी शिट्टी फुंकत होते, पण श्वासच पुरत नव्हता. शिट्टीतून नुसती हवा निघत होती. वळणावरच्या झाडांखालून आम्ही वाकून गेलो. मी मगरीला शोधत होते की सुनेला, माझं मला कळत नव्हतं. प्रत्येक ओंडका मला पाठ वाटत होता.

"आई, इकडे."

अगदी शांत आवाज. स्वयंपाकघरातून मीठ मागावं तसा. त्या शांतपणाचीच मला जास्त भीती वाटली.

ती मांड्यांपर्यंत चिखलात रुतली होती. कमरेच्या वर पाणी आलं होतं. हात तिने वर धरले होते आणि उरलेल्या शेंगांची जुडी अजून एका हातात होती.

"टाक त्या," मी म्हणाले. तिने जुडी होडीत ठेवली, टाकली नाही.

मी तिला काखेत धरून ओढायला लागले. नावाडीभाऊंनी माझा खांदा घट्ट धरला. "ओढायचं नाही. गुडघा निखळेल, पाय तिथेच राहील."

"मग करायचं काय?"

"पाणी येऊ द्यायचं."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. माणूस वेडा झालाय, असंच वाटलं.

"वहिनी, घट्ट चिखल सोडत नाही. पाणी आत गेलं की पातळ होतो. तुम्ही फक्त तिला वर धरा, तोंडात पाणी जाऊ देऊ नका."

ते एका हाताने झाडाचं मूळ धरून होडी थोपवत होते आणि दुसऱ्या हाताने काठी तिच्या पायालगत खोल घालून हलवत होते. बुडबुडे यायचे, कुजका वास यायचा. पाणी तिच्या छातीला लागलं. मग खांद्याला. मी पालथी पडून तिची हनुवटी माझ्या दंडावर घेतली. तिचे दात वाजत होते की माझे, ते सांगता येणार नाही.

नाम घ्यायला गेले तर येईना. इतक्या वर्षांचा नेम, आणि जिभेवर फक्त आकडे. अठ्ठ्याण्णव, नव्याण्णव, शंभर.

मागे पाणी एकदा गोल फिरलं. नावाडीभाऊंची काठी थांबली.

"काय आहे?"

"मासा," ते म्हणाले. मागे न बघताच म्हणाले. मग काठी पहिल्यापेक्षा जोरात हलायला लागली.

पाणी तिच्या ओठांना लागलं तेव्हा तिने डोळे मिटले. मी तिचं डोकं वर उचलून धरलं. आणि तेवढ्यात तिचं अंग एकदम हलकं झालं. एक पाय सुटला. मोजा आतच राहिला. दुसऱ्याला अजून काही वेळ लागला. किती, ते मला विचारू नका. शेवटी आम्ही दोघांनी तिला गोणीसारखं होडीत ओढून घेतलं.

ती पडून धापा टाकत होती. मी तिचे पाय चोळत होते आणि तोंडातून आपोआप निघालं, "शिट्टी मी उशिरा वाजवली. पाणी आलेलं दिसलं होतं मला. माझी अकरा नामं राहिली होती."

तिने तोंडातलं खारं पाणी थुंकलं.

"मी ऐकली होती शिट्टी," मग म्हणाली. "जुडी संपवून येऊ म्हटलं."

"खरं सांग."

"आई, आत्ता नका ना विचारू."

"दोघी आधी गप्प पडा," नावाडीभाऊ म्हणाले. "होडी हलतेय."

तिने ती ऐकली होती की माझ्यासाठी बोलली, मला आजही माहीत नाही. ते न कळणंच मला अधूनमधून झोपेतून उठवतं.

बांधावर बाकीच्या बाराही जणी वाट बघत होत्या. मी उतरले आणि सगळ्यांसमोर पुन्हा तेच सांगितलं, अकरा शेंगांसकट.  मास्तरीणबाईंनी माझ्या गळ्यातली शिट्टी काढून स्वतःच्या गळ्यात घातली. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग त्यांनी घसा साफ केला. ओल्या गोणपाटात चारशे शेंगा उरल्या होत्या. त्या दोन दिवसांत वाळतात. आणि वळणापलीकडचा किनारा पावसाळ्याआधी धरला नाही तर ढासळणार, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

"उद्या कोण कोण येणार? यायलाच पाहिजे असं नाही."

 गोधडीतून अजून चिखलाने माखलेला एक हात वर गेला. माझ्या सुनेचा.

नको, हा शब्द माझ्या ओठांपर्यंत आला.  वळणाकडे बघायचीही हिंमत होत नव्हती. पण ती जाणार हे ठरलेलं होतं, आणि तिला तिकडे एकटं पाठवण्याची भीती बाकी सगळ्या भीतीपेक्षा मोठी होती.

मीही हात वर केला.