टाकीतल्या लेकरांचा सण

तिसऱ्या झरोक्यात जुन्या धोतराचा बोळा कोंबून पुंजाराम शिडीवरून खाली उतरला. समईची ज्योत दोनदा वाकली, मग सरळ उभी राहिली.

"आता नाई विझत," तो म्हणाला.

खंडेनवमी होती. मोर्शीच्या रस्त्यावरच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये सकाळपासून धुणंपुसणं चाललं होतं. पंप, चाळण्या, तराजू सगळं बंद करून, हळदकुंकू लावून ओळीनं मांडलेलं. एक मोठी टाकी तेवढी चालू. तिला बंद करता येत नव्हतं. बागांमध्ये गळून पडलेली, एरवी रस्त्याच्या कडेला ओतून दिलेली संत्री गाळून तिच्यात रस भरला होता, आणि रसात जिवाणू होते. दोन काळ्या कांड्यांमधून त्यांना अगदी मोजका करंट दिला की ते नुसतं आंबवत बसत नसत. प्लास्टिकऐवजी वापरायच्या वस्तूंसाठी लागणारं एक आम्ल तयार करत. ही सगळी विद्या अकोल्याच्या जठारपेठेतल्या अनुपमा मॅडमची. जागा आणि शेड नितेशचं. राखण पुंजारामची.

"काका, करंट म्हणजे यांचा घास समजा," मॅडमनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "मोजूनच द्यायचा. बटणाला हात लावायचा नाही."

पुंजारामनं त्यातला घास तेवढा मनात धरला. त्या दिवसापासून टाकीतले ते न दिसणारे जीव त्याची लेकरं झाली. आज पहाटे आंघोळ करून आला तेव्हा घरी पुरण शिजत होतं. टाकीपुढे उभं राहिल्यावर त्याच्या जिवाला लागलं. सगळ्यांनी गोडधोड खायचं आणि यांनी रोजचाच घास? त्यानं बटण फिरवलं. शून्य पॉइंट नऊवरचा आकडा चढत गेला.

"जेवा आज पोटभर," तो टाकीला म्हणाला.

तेव्हापासून टाकी बोलायला लागली होती. आधी बारीक बुडबुड, आणि आता चुलीवरच्या आधणासारखी. बुवांनी कीर्तनात गजर उचलला की मागं पेंगणारी माणसंही टाळ्या धरतात, तसा तो आवाज आतून वाढत होता. पुंजारामला भरून आलं. झाकणातून निघालेली नळी वर झरोक्यापाशी सोडली होती. तिच्या तोंडातून काही बाहेर पडत असलं तरी दिसत नव्हतं. तेलघाणीवर तीस वर्षं काढलेलं त्याचं नाक. काही करपलं, नासलं की सगळ्यांच्या आधी त्याला कळे. त्यानं हुंगून पाहिलं. आंबूस रस, उदबत्ती. दुसरं काही नाही.

"पुंजारामभाऊ, टाकी आज लय खुशीत दिसते," नितेश म्हणाला.

"सण हाय ना, भाऊ. तिलेबी समजते."

"तुमी तं तिचं बारसंच करून टाका एकडाव," नितेशची आई माणिकबाई म्हणाल्या. जमलेल्या बायका हसल्या. नितेशची पाच वर्षांची श्रावणी दोन्ही हातांनी घंटा धरून उभी होती.

देवीचा फोटो टाकीच्या माथ्यावर, छताच्या जवळ लावलेला. नितेश स्टुलावर चढला. माणिकबाईंनी तबकातला कापूर पेटवून तबक त्याच्या हाती दिलं. तेवढ्यात पुंजारामचा फोन वाजला.

"काका, मी अमरावतीच्या पुढं आलेय," मॅडमचा आवाज. "इथं मोबाइलवर दोन पॉइंट आठ का दिसतंय?"

"म्याच वाढवलं जरासं. नवमी हाय म्हणून."

पलीकडं गाडी करकचून थांबल्याचा आवाज आला.

"झरोके उघडे आहेत ना?"

पुंजारामनं वर पाहिलं. तीन पांढरे बोळे.

"काका, नीट ऐका. जास्त करंटनं रसातलं पाणी फुटून गॅस झालाय. त्याला वास नसतो. हलका असतो, छताखाली साठतो, आणि पेटतो. कशाला हात लावू नका, पंख्यालाही नाही. माणसं बाहेर काढा. मेन स्विच बाहेर खांबावर आहे, तो पाडा. आत काही जळत नाहीये ना?"

नितेशनं तबक कपाळापर्यंत नेलं होतं. आता ते फोटोकडे वर जात होतं.

पुंजारामनं कलशातला नारळ उपटला आणि पाणी त्या तबकावर फेकलं. उरलेलं समईवर ओतलं. अख्ख्या हयातीत त्यानं देवापुढचा दिवा कधी फुंकरीनंही विझवला नव्हता.

"बाहेर व्हा! सगळे बाहेर!"

त्यानं श्रावणीला काखोटीला मारलं.

पुढचा तासभर सगळे रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली उभे होते. मेन स्विच पाडलेला. शेड जसंच्या तसं, शांत. नितेशच्या सदऱ्यावरून पाणी ठिबकत होतं.

"नवमीच्या आरतीवर पाणी!" माणिकबाई पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "डोस्कं फिरलं याचं. काय वाईट होते आता, देवीलेच ठाऊक."

"मॅडम येऊ द्या, त्या सांगतीन," एवढंच पुंजाराम मान वर न करता म्हणाला.

मॅडम आल्या. दारातूनच त्यांनी लांब बांबूच्या टोकाला बांधलेलं गॅसचं मापयंत्र छताकडे नेलं. ते किंचाळायला लागलं. त्यांनी झपकन मागं येऊन सगळ्यांना आणखी लांब नेलं, आणि बाहेरून बांबूनं तिन्ही बोळे आत ढकलून पाडले. मग काय होऊ शकलं असतं ते हळू आवाजात सांगितलं. नितेश होता तिथंच मातीत बसला, त्याच्या बाजूला पुंजारामही.

माणिकबाई पुंजारामच्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी दोन्ही हात त्याच्या डोक्यावरून उतरवून कानशिलावर बोटं मोडली.

"देवीनंच बुद्धी देली तुमाले. माहं तोंड जळो." आणि त्या त्याच्याजवळच टेकल्या. श्रावणी आपणहून येऊन त्याच्या मांडीवर रेलली.

"पण करंट वाढलाच कसा?" नितेशनं विचारलं.

मॅडम मापयंत्राची वायर गुंडाळत होत्या. "यंत्र तपासावं लागेल," त्या म्हणाल्या. पुंजारामकडे त्यांनी पाहिलं नाही.

कुणीतरी पाण्याची बाटली पुढं केली. पुंजारामनं ती घेतली, झाकण उघडलं, पुन्हा लावलं.

"बटण म्या फिरवलं," तो म्हणाला.

"तुमी? काहून?" माणिकबाईंनी विचारलं.

"सण होता, बाई. म्हटलं, त्यायनंबी पोटभर जेवावं."

रस्त्यावरून संत्र्यांच्या रिकाम्या क्रेटांचा टेम्पो खडखडत गेला. माणिकबाईंनी पदर सावरला. मग श्रावणीचा दंड धरून त्यांनी तिला त्याच्या मांडीवरून उठवलं, आणि आपल्या पलीकडच्या अंगाला बसवलं.